संशोधनातली पोकळी आणि देवघराचा पाय

मरोळ, अंधेरी (पूर्व)
गुरुवार, दिवेलागणीनंतर

ती. भावोजी,

अनंताचा साष्टांग नमस्कार. एरवी मी हा नमस्कार नुसता लिहून मोकळा होतो. यावेळी आधी खरोखरच जमिनीला डोकं टेकवलं आणि मग पेन हातात घेतलं. (प्रेमाने स्वयंपाकघरातून पाहिलं आणि विचारलं, खाटेखाली काय पडलंय?) इकडे प्रकृतीने सगळे ठीक आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? तेल चोळता की नुसतं बाटलीकडे बघता? कुंदाताईचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. तिला सांगा, तिने पाठवलेली कोकमाची सोलं पोचली आणि प्रेमाने शेजारी वाटूनही टाकली.

तुम्ही म्हणाल, घरात माणशी एक फोन असताना हा पत्र का लिहितो. एक तर फोनवर तुमच्याशी बोलताना मला बोलायला मिळत नाही. (राग मानू नका. सगळी नोकरी एस.टी.च्या स्टँडावर गाड्या पुकारण्यात गेल्यामुळे, समोरून कोणी उत्तर देईल ही शक्यताच तुमच्या आवाजाने कधी धरलेली नाही.) दुसरं कारण, मागच्या आठवड्यात तुम्ही आपल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलेला निरोप. ‘विद्यापीठातून आमच्या ग्रंथाबद्दल खास फोन आला. चि. अनंताने आमचा मान राखला.’ त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. त्यात एक नमस्कार माझाही आहे. तुम्हाला तो आनंदाचा वाटला असेल. भावोजी, तो शरमेचा होता. त्या फोनची खरी हकीकत तुम्हाला माझ्याकडूनच कळावी, इतर कोणाकडून नको, म्हणून हे पत्र. वाचताना कुंदाताईला जवळ बसवू नका. आधी एकट्याने वाचा.

तुम्हाला ठाऊकच आहे की मालाडच्या कॉलेजात इतकी वर्षं मराठी शिकवूनही माझ्या नावामागे डॉक्टर लागलेलं नाही, आणि ते लागल्याशिवाय पुढची पायरी नाही. म्हणून पन्नाशीच्या तोंडावर मी पीएच.डी.ला नाव घातलं. विषय घेतला आपल्या गाऱ्हाण्याचा. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने एकाने मोठ्याने केलेली विनवणी, आणि जमलेल्यांनी तिच्या प्रत्येक वाक्याला दिलेला ‘व्हय म्हाराजा’. (हे तुम्हाला सांगणं म्हणजे कमालच झाली. पण प्रबंधात पहिल्याच पानावर अशी व्याख्या द्यावी लागते, त्यामुळे हाताला सवय लागली आहे. परवा प्रेमाला मीठ म्हणजे काय तेही सांगत होतो.) गावातलं गाऱ्हाणं इथे उपनगरात आल्यावर त्याचं काय होतं, हा माझा प्रश्न. साकीनाक्याला आपल्या वाडीतल्या एकाचा लेथ मशीनचा गाळा आहे. तिथे दसऱ्याला यंत्राला हार घालून गाऱ्हाणं होतं आणि त्यात ‘ह्या लेकराची लाइट मधीच जाव नये’ अशी मागणी असते. घाटकोपरच्या एका सोसायटीत सत्यनारायणानंतर पार्किंगमध्ये गाऱ्हाणं घातलं जातं, तेव्हा गुजराती शेजारीसुद्धा ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात आणि कोणाहीपेक्षा खणखणीत म्हणतात. मला वाटलं, यावर लिहावं. इथवर माझं काही चुकलं नव्हतं.

माझ्या मार्गदर्शक इरावतीबाई वयाने माझ्याहून लहान, पण बोलण्यात थेट. त्या म्हणाल्या, आधी या विषयावर कोणी काय काय लिहिलंय ते सगळं वाचा, त्याचा आढावा लिहा, आणि काय लिहायचं राहिलंय ते दाखवा. जे राहिलंय त्याला संशोधनातली पोकळी म्हणतात. पोकळी सापडली तर पुढे जाल, नाही तर विषय बदला. मी त्यावर बरेच दिवस विचार केला. आपल्या गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, डोक्यात पोकळी ठेवू नका. इथे माणसं ती शोधायला पगारी रजा घेतात.

आढाव्याचं वाचन बहुतेक इंग्रजीत, आणि माझं इंग्रजी तुम्ही जाणता. (तुमच्या सत्काराच्या वेळी त्या बँकेच्या साहेबांशी मी बोललो होतो, ते अजून कुंदाताई करून दाखवते.) म्हणून गार्गीने लॅपटॉपवर मला ते एआय लावून दिलं. म्हणाली, बाबा, याला विचारा, हा लेख शोधतो, वाचतो, सारांश देतो, तक्ता करून देतो. मला ते काम एवढं मोठं वाटलं की पहिल्या दिवशी मी लॅपटॉपसमोर उदबत्ती लावली आणि हळू आवाजात गाऱ्हाणं घातलं. ‘बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरान नव्या कामाक हात घातल्यान हा. तेचा इंग्रजी कच्चा आसा, ता सांभाळून घे. वाटेत काय आडवा-तिडवा इला तर ता बाजूक कर.’ मागून गार्गी ‘व्हय म्हाराजा’ म्हणाली आणि हसत पळाली. मी मात्र ते शुभ मानलं.

त्या यंत्राशी बोलायचं कसं हे मला कोणी सांगितलं नाही, म्हणून मी अर्जासारखं लिहायचो. माननीय महोदय, आपल्याला त्रास देत आहे त्याबद्दल क्षमस्व, विषय अमुक, विनंती अमुक, आणि खाली आपला विश्वासू. गार्गी म्हणायची, ‘अहो बाबा, ते मशीन आहे! डायरेक्ट विचारा ना!’ पण अनोळखी माणसाशी डायरेक्ट कसं बोलायचं? (आणि गंमत सांगतो, चार दिवसांनी तेही मला ‘माननीय महोदय’ लिहू लागलं. कॉलेजात इतक्या वर्षांत मला कोणी असं लिहिलेलं नाही.) काम मात्र त्याने मनापासून केलं, हे मी देवाशपथ सांगेन. देवस्थानं, कौल, दशावतार, जत्रा, यांवरचे मोठमोठे लेख त्याने मला समजेल अशा मराठीत सांगितले. न समजलेलं पुन्हा सांगितलं. एकदाही वैतागलं नाही. मी विद्यार्थ्यांवर वैतागतो, हे मला त्या आठवड्यात पहिल्यांदा जाणवलं.

मग मी मुख्य प्रश्न विचारला. शहरात गेलेल्या गाऱ्हाण्यावर आजवर कोणी लिहिलं आहे का? त्याने शोधलं आणि सांगितलं की, मला जे पाहता येतं त्यात असं स्वतंत्र लेखन आढळत नाही. मला एकदोन किरकोळ गोष्टी विचारल्या, त्यांची मी उत्तरं दिली. तरी मनाची खात्री होईना, म्हणून शब्द फिरवून परत विचारलं. मग आणखी फिरवून. आपल्याकडे कौल लावताना गुरव पाकळी चिकटवतो आणि उजवी पडली की काम होणार म्हणून सगळे उठतात, डावी पडली तर मात्र कोणी उठत नाही, पुन्हा लावा म्हणतात. तसंच चाललं होतं. शेवटी मी सरळ विचारलं, म्हणजे इथे पोकळी आहे असं म्हणता येईल का? त्यावर ते म्हणालं, आपण दिलेल्या माहितीच्या आधारे तसं म्हणता येईल. माझ्यासाठी पाकळी उजवी पडली. मी लगेच ठळक अक्षरांत वाक्य लिहिलं. ‘या विषयाकडे आजवर कोणाही अभ्यासकाचे लक्ष गेलेले नाही.’ ते वाक्य मी प्रेमालाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘कोणाचंच नाही? नक्की?’ मी म्हटलं, यंत्राने सांगितलंय.

भावोजी, आता तुमच्या लक्षात आलं असेल. तुमचा ‘बारा-पाचाची हाक’ हा ग्रंथ (तुम्ही ग्रंथच म्हणता, म्हणून मीही तेच लिहितो) याच विषयावर आहे. गावचं गाऱ्हाणं त्यात आहेच, पण शेवटच्या भागात मुंबईला गेलेल्यांचंही आहे. आमच्या जुन्या घाटकोपरच्या चाळीत गच्चीवर तुम्हीच घातलेल्या गाऱ्हाण्यापासून तो भाग सुरू होतो. पण तो छापला कणकवलीला, वाटला तुम्ही स्वतः, लग्नात, बारशात, एस.टी.च्या खिडकीतून. इंटरनेटवर तो कुठून येणार? यंत्राला तो दिसला नाही. आता यात दोष यंत्राचा किती आणि माझा किती, ते तुम्ही ठरवा.

मागच्या आठवड्यात विद्यापीठाच्या समितीपुढे मला हे सगळं मांडायचं होतं. खोलीत इरावतीबाई, विभागातले आणखी दोघं आणि बाहेरून आलेले भीमराज सर. हे सर लोकसाहित्यातले मोठे जाणकार, आवाज मऊ, चष्मा नाकाच्या टोकावर. मी पडद्यावर माझं ते ठळक वाक्य दाखवलं आणि एक क्षण थांबलो, म्हणजे वाक्य सगळ्यांना नीट पोचावं. भीमराज सरांनी ते वाचलं, खाली वाकून झोळीतून एक पुस्तक काढलं आणि टेबलावर ठेवलं. मुखपृष्ठावर हात वर करून तोंड उघडलेले तुम्ही. (तो फोटो मी काढला होता.) सर म्हणाले, ‘हे आपल्या पाहण्यात आलं नसेल. छोट्या ठिकाणी छापलंय, होतं असं.’ एवढ्यावर मी सुटलो असतो. पण त्यांनी सहज पानं उलटली आणि सुरुवातीचे आभार मोठ्याने वाचले. ‘मुद्रिते तपासण्याचे जिकिरीचे काम माझे मेहुणे चि. अनंत यांनी केले. त्यांच्या नजरेतून एक अक्षरही सुटत नाही.’ मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि पडद्यावरच्या माझ्या नावाकडे पाहिलं.

काहीतरी ‘तो म्हणजे’ असं म्हणालो असेन. त्यात तुम्ही मलपृष्ठावर फोन नंबर छापलेला. भीमराज सर म्हणाले, ‘लेखकांशी मला बोलायचंच होतं,’ आणि त्यांनी नंबर लावून फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण तुम्हाला फक्त तुमची बाजू ठाऊक आहे. इकडे खोलीत तुमचा आवाज असा घुमला की शिपाई दार उघडून बघून गेला. ‘कोण? विद्यापीठ? बोला, बोला! चाय घेतलास मां सगळ्यांनी? अनंत? अरे, तो आमचो मेवणो! माझो ग्रंथ तेका तोंडपाठ आसा. माका सोडून तो एक ओळ लिवचो नाय!’ आणि पडद्यावर, तुमच्या आवाजाच्या बरोबर वर, ‘कोणाही अभ्यासकाचे लक्ष गेलेले नाही’. मी रिमोट शोधत होतो, तो माझ्याच हातात होता. शेवटी तुम्ही विचारलंत, ‘अनंता थंय आसा काय? जेवलो काय तो?’ भीमराज सरांनी माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे तुम्हाला सांगितलं की, जेवायचे आहेत अजून. मग तुमचे आभार मानून फोन ठेवला. त्यांनी तुम्हाला काही सांगितलं नाही. एका शब्दाने नाही. मला सगळ्यांत जड गेलं ते हे.

समितीने प्रकरण पुन्हा लिहायला सांगितलं आहे, सुरुवात तुमच्या ग्रंथापासून करायची आहे. बाहेर पडल्यावर जिन्यात इरावतीबाईंनी विचारलं, ‘मुद्रितं खरंच तुम्ही तपासली होती?’ मी म्हटलं, हो. ‘नीट?’ मी म्हटलं, त्यात एकही चूक सापडणार नाही. त्या म्हणाल्या, ‘मग ती एक चूक इथे करायला राखून ठेवली होतीत.’ आणि खाली उतरून गेल्या.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गप्प राहिलो असतो, हेही कबूल करतो. पण त्याच संध्याकाळी कुंदाताईचा फोन आला. म्हणाली, फोन येताच ‘ह्यांनी’ पेढे आणवले, वाडीला गोळा करून देवळात नेलं आणि तुझ्या नावाने गाऱ्हाणं घातलं. ‘ह्या लेकरान वडीलधाऱ्यांचो मान राखल्यान, तसोच तेका मान दी.’ आणि सगळी वाडी म्हणाली, व्हय म्हाराजा. भावोजी, समितीसमोर मी खाली मान घातली ती माझ्यापुरती. पण इथे तुम्ही देवाला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितलीत जी खरी नाही, आणि गावाने ती खरी म्हणून उचलून धरली. त्या दिवसापासून संध्याकाळी दिवा लावताना माझी नजर वर जात नाही. आता तुम्ही पुढच्या महिन्यात उरलेल्या प्रतींचा गठ्ठा घेऊन विद्यापीठाला भेट द्यायला येणार, असंही ती म्हणाली. जरूर या. पण तिथे पोचल्यावर कोणीतरी सहज बोलून जाईल आणि तुमचा चेहरा उतरेल, आणि तो मला बघावा लागेल. त्यापेक्षा घरी, ओटीवर बसून, हे वाचलेलं बरं.

तुम्ही मला रागवा. पुकारून रागवा, स्टँडभर ऐकू जाईल असं. पण याच. प्रेमाने गाद्या उन्हात घातल्या आहेत. कुंदाताईला यातलं किती सांगायचं ते तुमच्यावर सोपवतो.

तुमचा, मुद्रितं नीट तपासणारा आणि बाकी काही नीट न केलेला,
अनंत

ता. क. पत्र पाकिटात घालून झालं होतं, पुन्हा उघडलं. वर यंत्राला दोष दिला तो खोटा आहे. त्याने ज्या ‘किरकोळ गोष्टी’ विचारल्या त्यांतली एक अशी होती: ‘छापील, स्थानिक किंवा घरगुती प्रकाशने माझ्यापर्यंत पोचत नाहीत. अशी काही आपल्या माहितीत असल्यास कृपया सांगावीत. आपल्या विषयात कदाचित तीच सर्वांत महत्त्वाची ठरतील.’ मी जिथे बसतो तिथून तुमचा ग्रंथ दिसतो. कण्यावरचं ‘माणिक परब’ हे नाव मी वाचलं. आणि लिहिलं, ‘नाहीत.’ त्याने माझे आभार मानले. का लिहिलं, हे मी गेले काही दिवस स्वतःला विचारतोय. तुमचा ग्रंथ विसरलो नव्हतो, उलट तो फार चांगला आठवत होता. मला जे जे सांगायचं होतं ते त्यात आधीच होतं. आणि पन्नाशीला आलेल्या माणसाला एकदा तरी वाटतं की काहीतरी आपणच पहिल्यांदा म्हणावं. यंत्राने माझी लबाडी ओळखली नाही. ते माझ्यावर विश्वास ठेवून मोकळं झालं, अगदी तुमच्यासारखं.

ता. क. २. भीमराज सरांनी नंतर विचारलं, तुमच्याकडे या ग्रंथाची प्रत आहे का? मी म्हटलं, देवघरात आहे. त्यांनी हात जोडले. त्यांचा गैरसमज मी दूर केला नाही, पण तुमच्यापासून आता काही लपवून ठेवायचं नाही. मरोळच्या या घरात फरशीला उतार आहे आणि देवघराचा एक पाय आखूड पडतो, त्याखाली तो होता. (एका अर्थी आमच्या घरचे देव इतकी वर्षं तुमच्या लेखणीवर उभे आहेत, असंही म्हणता येईल, पण प्रेमा म्हणते की हे लिहू नको.) परवा तो काढून पुसला आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचला. त्याच्या जागी माझ्या आढाव्याच्या प्रकरणाची छापील प्रत दुमडून ठेवली. बरोबर मापात बसली. देवघर अजिबात हलत नाही.

ता. क. ३. आता मुख्य विनंती, जिच्यासाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं. माझ्या नावाने जे गाऱ्हाणं घातलं गेलंय ते खोट्यावर उभं आहे. ते मागे घेता येतं का? एकदा गावाने ‘व्हय म्हाराजा’ म्हटल्यावर ते परत कसं घ्यायचं, कोणी उभं राहायचं, आणि त्याला गावाने उत्तर काय द्यायचं? तुमच्या ग्रंथात मी दोनदा शोधलं. गाऱ्हाणं घालण्याबद्दल सगळं आहे, मागे घेण्याबद्दल एक ओळ नाही. यंत्रालाही विचारलं, यावेळी तुमच्या ग्रंथाचं नाव आधी सांगून. ते म्हणालं, मला ठाऊक नाही, आपल्या गावातल्या जाणत्या माणसाला विचारावं. म्हणून तुम्हाला विचारतो. रीत असेल तर माझ्यासाठी ती करा, मी गावी येऊन देवळात सगळ्यांसमोर उभा राहीन. उत्तर मात्र पत्रानेच द्या, फोन नको. भीमराज सर म्हणतात, फोनवरच्या बोलण्याला तळटीप देता येत नाही. तळटीपेत पहिलं नाव तुमचं असेल, हे आता देवापुढे सांगून लिहितो. आणि भावोजी, प्रबंधात माझं नोंदवून होईपर्यंत गाऱ्हाणं मागे घेण्याचा हा प्रश्न कृपया ग्रुपवर टाकू नका. इरावतीबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या की पोकळी म्हणतात ती हीच.